गच्चीवरचे क्षेत्र



सज्जनहो, 'क्षेत्र' हा एकच शब्द आपण तीन ठिकाणी वापरतो. पंढरी हे क्षेत्र. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी या देहाला क्षेत्र म्हटले. आणि आपण ज्यात नांगर घालतो ते शेत, तेही क्षेत्रच. कारण 'शेत' हा शब्द म्हणजे 'क्षेत्र' या संस्कृत शब्दाचेच घरगुती रूप आहे. पाठशाळेत गुरुजींनी हे सांगितले तेव्हा आम्ही फार खूष झालो होतो. पुढे कीर्तनाला उभे राहू लागलो, तेव्हा ही व्युत्पत्ती आम्ही शंभर वेळा तरी सांगितली असेल. लोक माना डोलवीत. परंतु ज्याचे शेतच गेले त्याने यांतले कोणते क्षेत्र धरावे, हे आम्हाला कोणी पुसले नाही, आणि आम्हीही स्वतःला पुसले नाही.

पुसायला हवे होते, कारण आम्ही उरणचे. खाडीच्या कडेची भातशेती आणि मिठागरे यांवर आमचा मुलूख जगला. १९७० साली नव्या मुंबईचा संकल्प सुटला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी त्यात आल्या. (आपल्या जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.) पुढे १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जणांनी प्राण दिले. तेव्हा आम्ही पंचविशीच्या आतले होतो. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. कोणाला मिळाले, कोणाचे अजून कागदावर आहेत. आमच्याही घराण्याची खार गेली. त्याचे रडगाणे येथे गायचे नाही. जे गेले त्यावर आज रस्ते आहेत, गोदामे आहेत, इमारती आहेत, आणि त्यांतल्याच एका चार मजली इमारतीत आम्ही राहतो. २०२४ च्या जानेवारीत उरणला रेल्वे आली, शिवडीहून समुद्रावरून पूल आला. आता उरणला गाव म्हणावे तर शहर दिसते, आणि शहर म्हणावे तर पहाटे कोंबडा आरवतो.

तर या इमारतीच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी आमच्या सौ. ने एक फुटकी बादली नेऊन ठेवली आणि तीत अळूचे दोन कांदे लावले. सारे प्रकरण तेथून सुरू झाले.

अळवाला पाणी घालायला ती रोज वर जाऊ लागली. तिच्यामागून खालच्या मजल्यावरची सून गेली. तिने मिरची लावली. मग गावातलेच एक शेतकरी कुटुंब आले. यांचीही खार गेलेली. त्या घरातले आजोबा दहा वर्षे खिडकीपाशी बसून होते. त्यांनी वर येऊन मातीत हात घातला तो बाहेर काढीनात. देशावरून नोकरीनिमित्त आलेले एक निवृत्त गृहस्थ आले. हे निष्ठावंत माळकरी, एकादशी चुकवायचे नाहीत. आमच्याच पंक्तीतले म्हणून आमचा त्यांच्यावर लोभ. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या करंजाच्या कोळीणआजी आल्या. त्यांना सगळी इमारत आजी म्हणते, आम्ही मावशी म्हणतो. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, मुलांना शिकविले. आता गुडघ्यांनी जिने चढवत नाहीत तरी कठडा धरून वर यायच्या. होता होता अकरा घरे झाली.

आता कोणी म्हणेल, गच्चीवर शेती म्हणजे पोरखेळ. आम्हीही तेच म्हणत होतो. पण मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरले की ज्या गोदीची हद्द लागते, त्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तेथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ सालापासून हेच केले. रोज हजारो कामगारांचा स्वयंपाक व्हायचा, त्याच्या देठा-सालांचा ढीग पडायचा. तो फेकण्याऐवजी त्यांनी गच्चीवरच कुजविला आणि त्यावर भाजी नि फळझाडे वाढविली. या विद्येचे एक मूळ कोल्हापूरकर श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्याकडे जाते. ते गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना सांगितले की झाडाचे बहुतेक अन्न हवेतून आणि सूर्यप्रकाशातून पान तयार करते, मातीचा वाटा थोडका. तेव्हा कुजलेला पाला आणि थोडी माती एवढ्यावरही झाड पोसते. लढाईच्या काळात इंग्लंडात लोकांनी बागा खणून बटाटे लावले. आपल्याकडे १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडा आणि अंगणातही काही पिकवा म्हणून हाक दिली. म्हणजे पोरखेळ म्हणणाऱ्यांपेक्षा खेळणारे शहाणे निघाले.

आमची रीत साधी आहे. गच्चीला गळती लागू नये म्हणून आधी तळाची डागडुजी करून घेतली, कारण चौथ्या मजल्यावर आम्हीच राहतो. वाफे विटांचे. तळाशी नारळाची सोडणे. ती देवळात आणि शहाळेवाल्याकडे फुकट मिळतात, पाणी धरून ठेवतात आणि ओझे होत नाही. त्यावर उसाची चिपाडे, वाळला पाला, स्वयंपाकघरातली साले. मधून मधून शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात कालवून आंबविलेले जीवामृत. वर चार बोटे माती. खाडीकाठची माती खारट, म्हणून माती डोंगराकडून आणली. पावसाळ्यात मांडवावर पडवळ, शिराळी, काकडी. पडवळ सरळ व्हावे म्हणून त्याच्या शेंड्याला पोरे सुतळीने खडा बांधतात आणि रोज सकाळी कोणाचे किती वाढले ते मोजतात. थंडीत मुळा, माठ, मेथी, आणि आपला पांढरा कांदा. अलिबागेकडे कार्ले, खंडाळे या बाजूला भात निघाल्यावर हा कांदा लावतात नि त्याच्या माळा विणून विकतात. त्याला काही वर्षांपूर्वी भौगोलिक मानांकनही मिळाले. आम्ही त्याच्या तीन ओळी लावल्या. माळकऱ्याच्या वाफ्यात कांदा कसा, असे एकाने विचारलेच. कांद्यानेच आमची लाज राखली. त्याचा हंगाम चातुर्मासात येतच नाही.

आणि हो, उन्हाळ्यात नळाला पाणी नसते तेव्हा भांडण होते. ते होणारच. तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, डाळ धुतलेले पाणी प्रत्येकाने साठवून वर न्यायचे, असे ठरले. या पाण्यावरूनच पुढचा प्रसंग घडला.

गेल्या आषाढातली गोष्ट. दशमीला सगळ्यांनी मिळून ठरविले की द्वादशीचे पारणे गच्चीवरच्या अळवाच्या भाजीने सोडायचे, आणि पहिला नैवेद्य पांडुरंगाला. एकादशीला संध्याकाळी जिन्याच्या पडवीत भजन झाले. भजन आटोपल्यावर ते माळकरी गृहस्थ आमच्याजवळ आले. चेहरा कष्टी. म्हणाले, "बुवा, आजी मासळीचे पाणी वाफ्यांना घालतात. मी स्वतः त्यांना घमेले घेऊन जाताना पाहिले आहे. त्या अळवाचा नैवेद्य कसा दाखवायचा? तुम्ही शास्त्र जाणता, तुम्ही सांगा."

सगळी मंडळी बसलेली. मावशीही बसलेल्या. आम्ही शास्त्र जाणतो, असे सर्वांसमक्ष म्हटल्यावर आमच्यातला पंडित जागा झाला. स्मृतिकारांनी द्रव्यशुद्धी सांगितली आहे, नैवेद्याचे अन्न कसे असावे ते सांगितले आहे, असे चार शब्द बोलून आम्ही निर्णय दिला की त्या बाजूच्या वाफ्यांची भाजी नैवेद्याला नको. घरी खायची त्याने खावी.

मावशी काही बोलल्या नाहीत. उठून कठडा धरीत खाली गेल्या. द्वादशीला बाजारातून भाजी आणून पारणे झाले. ती भाजी कोठे पिकली, तिला कसले पाणी मिळाले, हे आम्ही कोणी विचारले नाही. आजही ते आठवले की मान खाली जाते.

दुसऱ्या दिवसापासून मावशी गच्चीवर येईनाशा झाल्या. त्यांचे घमेले कोपऱ्यात पालथे पडलेले. श्रावण गेला, गणपती गेले. त्यांच्या मिरच्या सौ. पाणी घालून जगवीत होती. ती आम्हाला एकदाच म्हणाली, "कीर्तनात सावतोबा सांगता ना?" आणि आत गेली. हा बाण आम्हाला लागायला हवा होता. लागलाही, पण आम्ही तो उपसून बाजूला ठेवला. पंडिताला आपला निर्णय फिरवणे फार जड जाते, महाराज. शेत सोडणे एक वेळ सोपे.

आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबांची पुण्यतिथी असते. शके १२१७ मध्ये अरणला त्यांनी देह ठेवला. माढे तालुक्यातले हे गाव पंढरीपासून दूर नाही, तरी सावतोबा वारीला गेले नाहीत, मळा सोडून कोठे गेले नाहीत, देवच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. आजही पुण्यतिथीला पंढरपुराहून देवाची पालखी अरणला येते. वारकऱ्याने देवाकडे जावे ही आपली रीत. येथे देव माळ्याच्या वारीला जातो. आणि सावतोबांनी मळ्यातल्या भाज्यांची नावे घेऊन त्यांत देव पाहिला, त्या नावांत कांदाही आहे नि लसूणही. हे आम्ही त्या चतुर्दशीलाही कीर्तनात सांगितले. टाळ्या पडल्या. खाली तिसऱ्या मजल्यावर एक दार बंद होते.

कार्तिकात आळंदीला जायचे तर प्रकृतीने जमेना, म्हणून वद्य एकादशीला आम्ही थोरल्या बंधूंना घेऊन साजगावला गेलो. खोपोलीजवळचे हे साजगाव, आपली धाकटी पंढरी. येथल्या विठोबाला लोक प्रेमाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. कारण जत्रेत देवळाबाहेर सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. किनाऱ्यावरच्या कोळिणी बोंबील, जवळा, सोडे घेऊन बसतात. आत मृदंग वाजतो, बाहेर बोंबलाचा वास, आणि मधून माळकरी नाकाला फडके न लावता चालत देवळात जातात. विठोबाने हा बाजार कधी उठविला नाही.

तुकोबाराय व्यापारासाठी येथे येत, अशी येथली समजूत आहे. तुकोबा बैलावर मिरच्या लादून कोकणात उतरले, ही कथा आपण सर्व जाणतो. माल ठेवला आणि लोकांना सांगितले, तुम्हीच मापून घ्या. लोकांनी मापून नेले, पैसे कोणी दिले, कोणी दिले नाहीत. अखेर पांडुरंगाने रूप घेऊन दारोदार वसुली केली. कीर्तनकार या कथेत पांडुरंगाच्या वसुलीवर भर देतात, कारण तेथे श्रोते हसतात. आम्हीही तोच भर देत आलो. त्या दिवशी मात्र मनात आले, तुकोबांनी माप गिऱ्हाइकाच्या हाती दिले. मिरची घेणारा कोण, कोणत्या घरचा, तिखट कशात घालणार, मासळीत की डाळीत, हे त्यांनी विचारले नाही.

आमचे बंधू ऐंशीच्या पुढचे. शाळा चौथीपर्यंत, पण खार गेली तेव्हा नांगर त्यांच्या हातात होता, आमच्या हातात पोथी होती. बोंबलांच्या राशींपाशी ते थांबले, काठी टेकली आणि म्हणाले, "बुवा, यो बोंबील बगतस ना? आपले परसानचे नारलीला बापूस काय घालाचा, याद हाय का?"

आम्ही गप्प.

"मासलीचा खत. करंजाशी आनाचा, पाटीला पायलीभर भात देऊन. अन त्या नारलीचा नारल तू देवाम्होरं फोरतस."

सज्जनहो, जन्मभर आम्ही ज्या नारळाने पूजेला आरंभ केला, तो मासळीवर पोसलेला होता. किनाऱ्यावर माडाच्या मुळाशी मासळीचे खत घालण्याची रीत जुनी आहे. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. लहानपणी ती पाटी आम्ही आमच्या हातांनी धरली आहे. फक्त संस्कृत शिकल्यावर ते विसरायला झाले. आमच्या वडिलांनी कोळिणीला भात दिला, तिने मासळी दिली. तिच्या घरी आमचा भात शिजला, आमच्या घरी तिच्या मासळीचा नारळ झाला. तोच नारळ दर्यालाही वाहिला गेला. एवढा व्यवहार त्या जमिनीवर चालत होता. जमीन गेली तेव्हा तो तुटला. गच्चीवर चार बोटे माती आली, तेव्हा तो पुन्हा जुळू पाहत होता, आणि आम्हीच आडवे आलो.

परतीच्या एस्टीत आम्ही स्मृतिवचन पुन्हा मनात घोळविले. भूमीची शुद्धी पाच प्रकारांनी होते असे सांगितले आहे: झाडणे, सारवणे, शिंपणे, उकरणे आणि गाईंचा वास. आता बघा, यांतले शिंपणे आणि उकरणे माळी रोजच करतो. जीवामृतात गाईचे शेण नि गोमूत्र आहेच. म्हणजे भूमीला पावन करणारी कर्मे मावशी गुडघे दुखत असता जिने चढून करीत होत्या, आणि आम्ही तेच वचन पाठ असूनही त्यांना बाहेर काढले. तैत्तिरीय उपनिषद तर अन्नाची निंदा करू नये, अन्न पुष्कळ करावे, हे व्रतच सांगते. आणि पृथ्वीपासून ओषधी, ओषधींपासून अन्न, असा क्रम देते. पृथ्वीत गेलेले सर्व एकदा पृथ्वी होते. शेण शेण राहत नाही, पाला पाला राहत नाही. मासळीच तेवढी मासळी राहते असे कोणत्या शास्त्रात आहे? आम्हाला सापडले नाही.

घरी आल्यावर पाय धुऊन आम्ही थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. मावशींनी दार उघडले. आम्ही खाली वाकलो तशा त्या मागे सरल्या. "बुवा, असा काय करता? माळ हाय गल्यान."

आम्ही म्हणालो, "मावशी, चुकलो. चार लोकांत बोललो, तेव्हा चार लोकांतच तुमची क्षमा मागणार आहे. आज आधी घरी आलो."

त्या बराच वेळ दाराला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बुवा, आखाडान होऱ्या बंद रहतात. दर्यान कोन जात नाय. मग मासलीचा पानी मी कुठशी आनू? त्या घमेल्यान तांदलाचा पानी होता."

किनाऱ्यावर जन्म गेला आमचा! जून आणि जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याची वाट पाहतात, हे उरणचे पोर सांगेल. एकादशीला ते आम्हाला आठवले नाही, त्या देशावरच्या गृहस्थांना ठाऊक नव्हते, आणि मावशींनी सांगितले नाही. का सांगितले नाही, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "तुमी विचारलाव कुठं?" आणि पुढे म्हणाल्या, "बाकीचे दिवसांन मासलीचा पानी घालते मी. पन मिरचीला. तुमचे अलवाला नाय घालत. माळकरी खातात ना ती भाजी."

कोणी म्हणेल, मग तर अळू निर्दोषच ठरले, बुवा सुटले. नाही. मासळीचे पाणी घातले असते तरी आमचा निर्णय चूकच होता; न घातल्याने तो दुप्पट चूक झाला एवढेच. त्या आठवड्यात गच्चीवर सर्व घरांना बोलावून आम्ही हे जसेच्या तसे सांगितले. माळकरी गृहस्थ ऐकून घेत होते. त्यांनी उठून मावशींना नमस्कार केला. मात्र आमच्याकडे येऊन म्हणाले की मासळीचे पाणी पडलेली भाजी अजून आमच्या घशाखाली उतरणार नाही, खोटे कशाला बोलू. आम्हाला त्यांचे हे खरे बोलणे आवडले. त्यांचा वाफा जिन्याजवळ आहे, त्यांच्या पाण्याने वाढतो. मिरच्या मावशींकडून घेत नाहीत, पण त्यांच्या मिरच्यांना सावली पडते म्हणून स्वतःच्या पडवळाचा मांडव त्यांनी दीड हात मागे सरकविला.

मावशी मात्र लगेच वर आल्या नाहीत. आम्ही वाट पाहिली. अमावास्या झाली, मार्गशीर्ष लागला. मग एके दिवशी संध्याकाळी त्यांचा नातू आमच्या दारात आला. हातात कागदाची पुडी. म्हणाला, आजीने वालाचे बी दिले आहे. भात निघाल्यावर जमिनीत ओल असते त्यावर आपल्याकडे वाल पेरतात. गच्चीला ती ओल कोठून येणार, म्हणून रात्रभर वाफा भिजवून ठेवा, सकाळी मी येते, असा निरोप होता. पुढे असेही म्हणाला की तांदळाचे पाणी असेल तर तेच घाला.

सौ. ने दोन दिवसांचे धुवण साठवून ठेवले होते. हरिपाठ झाल्यावर आम्ही दोघांनी ते वर नेले, पालथे घमेले उलटून त्यात ओतले आणि कंदिलाच्या उजेडात वाफ्यावर शिंपडत बसलो.